नाचघरातून उठून गेलेले विद्वान

काशीत स्मशाने दोन. एक मणिकर्णिका. दुसरे तिच्या दक्षिणेला, काठाकाठाने दोनेक किलोमीटर गेल्यावर लागणारा हरिश्चंद्र घाट. दोन्हीकडे चिता रात्रंदिवस जळतात आणि दोन्हीकडे अग्नी डोंबाकडूनच घ्यावा लागतो. मराठी माणसाच्या मनात मात्र काशीचे स्मशान म्हणजे मणिकर्णिका, आणि स्मशानातला राजा म्हणजे हरिश्चंद्र. ही दोन चित्रे इतकी एकमेकांत मिसळली आहेत की उद्या एखाद्या नेपथ्यकाराने हरिश्चंद्राच्या नाटकात मागच्या पडद्यावर मणिकर्णिकेच्या पायऱ्या रंगवल्या, तर वर्तमानपत्रातला परीक्षक ‘काशीचे हुबेहूब वातावरण’ असे लिहून मोकळा होईल.

काशीच्याच भारतेंदु हरिश्चंद्रांनी ‘सत्य हरिश्चंद्र’ हे नाटक 1875च्या सुमारास लिहिले. त्याच्या चौथ्या अंकाची रंगसूचना पाहावी. नदी, मोठा पिंपळ, चिता, प्रेते, कावळे, कोल्हे, कुत्री, हाडे. राजा घोंगडे पांघरून, हातात सोटा घेऊन फिरतो आहे. आणि जागा? दक्षिण स्मशान. म्हणजे मणिकर्णिका नव्हे. नाटककाराचे सारे आयुष्य याच शहरात गेले, त्याला घाटांची दिशा चुकणे शक्य नव्हते.

गोष्ट बारीक आहे. तेवढ्यावरून कोणाचे नेपथ्य पाडू नये. पण अभिजात नाटकाचा प्रयोग पाहून दुसऱ्या दिवशी निकाल देणाऱ्याला आधी काय काय ठाऊक असायला हवे, हा प्रश्न अशाच बारीक गोष्टींतून वर येतो; आणि तो विचारायला काशीसारखी दुसरी जागा नाही. परीक्षा घेणे हा या शहराचा जुना धंदा आहे.

मराठी वाचकाला याचे सर्वांत जवळचे उदाहरण एकनाथांचे. नाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरची आपली टीका 1573 साली काशीत पूर्ण केली आणि ग्रंथाच्या अखेरीस स्थळ म्हणून मणिकर्णिकेच्या तीराचा उल्लेख केला. संस्कृतातले भागवत प्राकृतात आणले म्हणून काशीचे पंडित खवळले, त्यांनी नाथांना बोलावून जाब विचारला आणि शेवटी त्याच ग्रंथाची हत्तीवरून मिरवणूक काढली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेतला हत्ती सोडून दिला तरी तिच्यातला झगडा खरा आहे. थोर ग्रंथ लोकांच्या बोलीत, लोकांच्या चालीवर आला की तो बाटतो की वाढतो? नाथांचे नातू मुक्तेश्वर यांनी पुढे हरिश्चंद्राख्यान रचले, तेव्हा हा प्रश्न मराठीपुरता निकालात निघाला होता. काशीत तो निघाला नव्हता. तीनशे वर्षांनी तो नाटकाच्या रूपाने पुन्हा उभा राहिला.

त्याची हकिकत भारतेंदूंनीच नोंदवली आहे. 1883 साली त्यांनी ‘नाटक’ नावाचा दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. त्यात ते सांगतात की पारशी नाटकवाल्यांनी काशीच्या नाचघरात ‘शकुंतला’ केले. दुष्यंत रंगमंचावर आला तो खेमटा नाचणाऱ्या बायकांसारखा कमरेवर हात ठेवून मुरडू लागला आणि बारीक कमरेचे वर्णन करणारे एक उडते गाणे गाऊ लागला. प्रेक्षकांत डॉक्टर थीबो आणि बाबू प्रमदादास मित्र बसले होते. आता पाहवत नाही, हे लोक कालिदासाच्या गळ्यावर सुरी फिरवताहेत, असे म्हणून ही मंडळी उठून निघून गेली.

भारतीय नाट्यसमीक्षेत यापेक्षा तोकडा आणि यापेक्षा झोंबणारा अभिप्राय सापडणे कठीण. म्हणूनच तो देणारे कोण होते हे पाहायला हवे.

जॉर्ज थीबो हे जर्मन पंडित 1875 साली काशीच्या संस्कृत महाविद्यालयात आले. शुल्बसूत्रांतल्या भूमितीवर त्यांनी काम केले, पुढे सुधाकर द्विवेदींच्या बरोबर वराहमिहिराची ‘पंचसिद्धांतिका’ संपादित केली आणि ब्रह्मसूत्रांवरच्या शांकरभाष्याचा इंग्रजी अनुवाद केला. प्रमदादास मित्रांचा अधिकार नाटकाच्या बाबतीत तर अधिकच जवळचा. विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’चा इंग्रजी अनुवाद जेम्स बॅलंटाइन यांनी सुरू केला आणि अर्धा टाकला, तो मित्रांनी पुरा केला आणि 1875मध्ये पूर्ण छापून आला. नायक चार प्रकारचे, त्यांतला धीरोदात्त म्हणजे बढाई न मारणारा, क्षमाशील, गंभीर, सुखदुःखात न डगमगणारा, ही व्याख्या त्याच ग्रंथातली. म्हणजे नाचघरात ज्या माणसासमोर दुष्यंत कंबर मुरडत होता, त्याने दुष्यंताने कसे वागावे याचा शास्त्रार्थ अक्षर न् अक्षर तपासला होता. त्याला तिथे बसवेनासे झाले यात नवल काय?

तरीही या अभिप्रायात काहीतरी कमी आहे, आणि ते कमी काय हे कालिदासच सांगतो.

‘विक्रमोर्वशीय’चा चौथा अंक घ्यावा. उर्वशी हरवली आहे, पुरूरवा वेडा होऊन रानात भटकतो, मोराला विचारतो, हत्तीला विचारतो, नदीला विचारतो. उत्तरेकडच्या पोथ्यांत या अंकात अपभ्रंश भाषेतली गाणी आहेत आणि त्यांच्या आगेमागे चर्चरी, द्विपदिका, खंडधारा अशा गीतनृत्याच्या सूचना आहेत. दक्षिणेकडच्या पोथ्यांत ती नाहीत. ती कालिदासाची की मागाहून कोण्या नटांनी घातलेली, यावर पंडितांचा वाद आहे. नाचघरातली घटना घडली त्याच सुमारास, 1879 साली, शंकर पांडुरंग पंडितांनी हे नाटक मुंबईत संपादून काढले होते. निकाल काहीही लागो. गाणी कालिदासाची असतील तर त्याच्या राजाला गाणेनाचणे वर्ज्य नव्हते, आणि नटांची असतील तर कालिदासाच्या राजाला नाचवण्याची रीत पारशांच्या कितीतरी शतके आधीची ठरते.

पारशी दुष्यंत यामुळे चांगला ठरत नाही. विरहाने वेडावलेल्या राजाचे नाचणे निराळे आणि टाळ्यांसाठी कंबर हलवणे निराळे. पण ‘राजा नाचला’ हा आरोप आणि ‘राजा वाईट नाचला’ हा आरोप, हे दोन आहेत. पहिल्यासाठी व्याख्या पाठ असली की पुरते. दुसऱ्यासाठी नाच कळावा लागतो.

भरताला हा फरक पक्का ठाऊक होता. ‘नाट्यशास्त्रा’च्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोग यशस्वी झाला की नाही हे कसे ठरवावे, याचे विवेचन आहे. स्पर्धेत वाद निर्माण झाला तर निवाड्यासाठी जे प्राश्निक नेमायचे, त्यांची यादी भरत देतो. यज्ञकर्म जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, शब्दशास्त्र जाणणारा, राजा, धनुर्विद्या जाणणारा, चित्रकार, वेश्या, गायक आणि राजसेवक. प्रत्येकाचा प्रांत ठरलेला. यज्ञाचा प्रसंग बरोबर दाखवला का हे याज्ञिकाने सांगायचे, अभिनय नर्तकाने पाहायचा, उभे राहण्यातली ऐट धनुर्धराने, वेषभूषा चित्रकाराने, सूरताल गायकाने, राजाचा रुबाब राजाने. शृंगारातला व्यवहार खरा वाटतो का, हे सांगण्याचा अधिकार वेश्येचा. व्याकरणी एकच आहे, दहातला एक.

याच अध्यायात प्रयोगाला होणाऱ्या अपघातांचीही मोजदाद आहे. वारा, पाऊस, आग, साप, मुंग्या हे दैवाचे. वाक्य विसरणे, दागिना गळून पडणे हे नटाचे. आणि मत्सरापोटी प्रतिस्पर्ध्यांनी केलेला आरडाओरडा, शेण किंवा ढेकळे फेकणे हे शत्रूचे. या सगळ्याची नोंद ठेवायला लेखनिक बसवायचा. इतके सांगून भरत वर बजावतो की निर्दोष नाटक जगात नसते, तेव्हा किरकोळ दोषांचे अवडंबर माजवू नये. आज ज्यांच्या पहिल्या प्रयोगाच्या परीक्षणात ‘दुसऱ्या अंकात प्रकाशयोजना एकदा चुकली’ असे वाक्य हमखास येते, त्यांनी हा भाग वाचायला हरकत नाही.

थीबो आणि मित्रांनी तो वाचला होता का? छापील स्वरूपात तरी वाचणे अवघड होते. भरताचा संपूर्ण ग्रंथ मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने काव्यमालेत काढला तो 1894 साली. तोपर्यंत नाट्यशास्त्राचे ज्ञान मुख्यतः ‘दशरूपक’ आणि ‘साहित्यदर्पण’ अशा उत्तरकालीन ग्रंथांतून येत होते, आणि ते ग्रंथ नाटक कसे लिहावे याविषयी बोलतात. नाटक उभे कसे राहते याविषयी फारसे नाही. दोघे विद्वान उठून गेले ते या अर्थी आपल्या काळाच्या ग्रंथालयातून उठून गेले.

काशीतली खरी गंमत पुढे आहे. ज्या शहरात नाचणाऱ्या दुष्यंतावरून विद्वान उठून गेले, त्याच शहरात चैत्र नवरात्राच्या सप्तमीला मणिकर्णिकेवर, स्मशाननाथाच्या देवळापाशी, जळत्या चितांच्या शेजारी नाचगाणे होते. नगरवधू येतात आणि महादेवापुढे रात्रभर आपली कला सादर करतात. परंपरा या प्रथेचा संबंध राजा मानसिंगाशी जोडते. त्याने देऊळ बांधले, स्मशानात गायला कोणी प्रतिष्ठित कलावंत तयार होईना, तेव्हा या बायका पुढे आल्या, असे सांगतात. एकीकडे तिरडीवरून प्रेत उतरते आहे, लाकडांच्या उंच थप्प्यांतून ओंडके मोजून दिले जाताहेत, आणि तिथेच घुंगरू वाजताहेत. लगतच उत्तरेला बायजाबाई शिंद्यांनी बांधवलेला, स्वतःच्याच वजनाने खचलेला शिंदे घाट आहे. मणिकर्णिकेच्या दगडी बांधकामाशी अहिल्याबाईंचे नाव जोडलेले आहे. मराठी दगडावर चाललेली ही मैफल कोणत्या रसात बसवायची? करुण, बीभत्स, शृंगार, शांत असे चारही खण ‘साहित्यदर्पणा’त वेगवेगळे आहेत. मणिकर्णिकेवर ते वेगळे राहत नाहीत. काशीत बसून नाटकाची परीक्षा करणाऱ्याला हेही माहीत असायला हवे होते, आणि भारतेंदूंना तर ते नक्कीच माहीत होते.

कारण भारतेंदु सोवळे नव्हते. ठुमऱ्या, होऱ्या त्यांनी रचल्या. आपल्याकडच्या तुरा-कलगीच्या फडांतून उत्तरेत पोचलेल्या लावणीचाही त्यांना नाद होता. 1868च्या एप्रिलमध्ये काशीत शीतलाप्रसाद त्रिपाठींचे ‘जानकीमंगल’ झाले, हिंदी रंगभूमीचा दिवस ज्यावरून पाळतात तो हा प्रयोग. त्यात सतरा वर्षांच्या भारतेंदूंनी लक्ष्मण केला. 1881 साली ‘अंधेर नगरी’ त्यांनी दशाश्वमेधाच्या नाटकमंडळीसाठी एका बैठकीत लिहून दिले. आज ते अभिजात म्हणून अभ्यासक्रमात आहे आणि दर पिढीतला दिग्दर्शक त्यात आपल्या काळचा चौपट राजा शोधतो. त्याच्या परीक्षणात संरचनेच्या ढिलेपणाबद्दल पानभर लिहिणाऱ्याने ते एका दिवसाचे काम आहे एवढे तरी लक्षात ठेवावे.

‘नाटक’ निबंधही एकसुरी नाही. ज्या निबंधात पारशी दुष्यंताला झोडले आहे, त्यातच भारतेंदु म्हणतात की प्राचीन नाट्यशास्त्रातले सारे अलंकार आणि संधी नव्या हिंदी नाटकात शोधत बसणे व्यर्थ आहे. काळ बदलला, प्रेक्षकांची रुची बदलली, त्याप्रमाणे लिहावे. म्हणजे जुने नियम नव्या नाटकाला लावू नका, पण जुन्या नाटकाशी खेळताना त्याची जात ओळखा, असे त्यांचे दुहेरी म्हणणे. हे म्हणणे आजही कामाचे आहे.

मात्र याच निबंधात त्यांनी मराठी माणसाला एक चिमटा काढला आहे. ज्यांत नाटकपण उरले नाही अशा भ्रष्ट प्रकारांची यादी करताना त्यांनी भांड, इंदरसभा, रास, जात्रा यांच्यानंतर पारशांची नाटके आणि ‘महाराष्ट्रांचे खेळ’ एकाच ओळीत बसवले. कारण काय, तर त्यांत काव्य नाही.

साल 1883. त्यांच्यापुढे असतील ते विष्णुदास भाव्यांच्या वळणाचे पौराणिक खेळ. 1843मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ झाल्यापासून ती परंपरा गावोगाव पसरली होती. पण तोपर्यंत पुण्यात वेगळेच घडून गेले होते. 31 ऑक्टोबर 1880, धनत्रयोदशीची रात्र, आनंदोद्भव नाटकगृह. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक केले. मोरोबा वाघोलीकर दुष्यंत झाले होते. दुष्यंत गात होता. साक्या, दिंड्या, लावणीच्या आणि कानडी पदांच्या चाली, सगळे कालिदासाच्या अंगावर चढवले होते. आणि ही कल्पना अण्णासाहेबांना सुचली कशावरून? पारशी मंडळीचा ‘इंद्रसभा’ पाहून, असे सांगतात.

तोच कालिदास, तीच पारशी संगत, जवळपास तीच वर्षे. एका शहरात अभिप्राय आला गळ्यावरच्या सुरीचा, दुसऱ्या शहरात त्यातून मराठी संगीत नाटक जन्मले. फरक गाण्यात नव्हता. किर्लोस्करांनी पदे कथेच्या वळणावर बसवली, कण्वाचा आश्रम आश्रमच ठेवला आणि संवाद कालिदासाच्या मागोमाग चालवले. त्यांच्या प्रेक्षकांतल्या सुशिक्षितांनी विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे संस्कृत कवींवरचे निबंध वाचले होते, कालिदास त्यांच्या परिचयाचा होता. जाणत्या प्रेक्षकापुढे केलेली मोडतोड आणि अनोळखी प्रेक्षकापुढे केलेली मोडतोड यांचे परिणाम वेगळे होतात. काशीच्या नाचघरात त्या रात्री उरलेले प्रेक्षक मात्र बसून राहिले असणार. त्यांना काय आवडले, हे कोणी लिहून ठेवले नाही. समीक्षेच्या इतिहासातली ही जुनीच तूट आहे: उठून गेलेल्यांची नावे राहतात, बसून राहिलेल्यांची नाहीत.

‘महाराष्ट्रांच्या खेळां’ना भ्रष्ट ठरवणाऱ्या भारतेंदूंना काशीचे मराठी बोलणे मात्र चांगलेच कानात बसलेले होते. त्यांचे ‘प्रेमजोगिनी’ हे अपुरे राहिलेले नाटक काशीचे खरे चित्र काढण्यासाठी लिहिले आहे. त्याच्या चौथ्या प्रवेशात बुभुक्षित दीक्षित नावाच्या भटजींची बैठक आहे. गप्प पंडित, रामभट्ट, चंबूभट्ट, माधवशास्त्री जमले आहेत, पानाचे विडे चालले आहेत, भांगेची तजवीज होते आहे, आणि जेवणाची आमंत्रणे देणारा माणूस चौकातून हाक मारतो. ही मंडळी मराठीत बोलतात. हिंदी नाटकात, 1875च्या सुमारास, पानेच्या पाने मराठी! ब्रह्माघाट आणि दुर्गाघाटाच्या गल्ल्यांत ज्यांची घरे होती, त्या काशीकर मराठी भिक्षुकांवर केलेले ते प्रहसन आहे. नावेच पाहा. मराठी परीक्षकांनी या प्रवेशाकडे फारसे लक्ष दिलेले नाही. एखाद्या मराठी नटसंचाने तो करून पाहावा इतका तो बोलका आहे.

आता पुन्हा हरिश्चंद्राकडे. या कथेत ‘मूळ’ शोधायला जाणारा परीक्षक गाळात रुततो. ऐतरेय ब्राह्मणातला हरिश्चंद्र सत्यवादी वगैरे नाही. वरुणाला मुलगा बळी देण्याचे कबूल करून तो वर्षानुवर्षे टाळाटाळ करतो आणि शेवटी दुसऱ्याचा मुलगा, शुनःशेप, विकत घेऊन यज्ञाला बांधला जातो. सत्यासाठी राज्य देणारा, बायको-मुलाला आणि स्वतःला काशीत विकणारा राजा येतो मार्कंडेय पुराणात. त्यावर क्षेमीश्वराने ‘चंडकौशिक’ नाटक रचले. तिथे राणी शैब्या आहे. मराठीत ती तारामती, मुलगा रोहिदास, आणि राजा डोंबाघरी पाणी भरतो. काशीच्याच तालिब या नाटककाराने पारशांच्या व्हिक्टोरिया मंडळीसाठी हे कथानक उर्दूमिश्रित हिंदीत लिहिले, रणछोडभाई उदयरामांनी गुजरातीत. मोहनदास गांधी नावाच्या शाळकरी मुलाने हरिश्चंद्राचा प्रयोग पाहिला आणि मनातल्या मनात तो असंख्य वेळा केला, असे त्यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. 1913 साली फाळक्यांनी तो पडद्यावर आणला, तारामती केली अण्णा साळुंक्यांनी.

या साखळीतली कोणती कडी समोर उभी आहे, हे न पाहता ‘मूळ संहितेला न्याय मिळाला नाही’ असे लिहिणे सोपे असते. भारतेंदूंच्या नाटकाची तक्रार नेहमी अशी होते की त्यात उपदेश फार. पण त्यांनी प्रस्तावनेतच सांगून टाकले आहे. बालेश्वरप्रसाद नावाच्या मित्राने म्हटले, तुमची शृंगाराची नाटके मोठ्यांसाठी ठीक, मुलांना शिकवता येईल असे काही लिहा. म्हणून हे लिहिले. शाळेच्या मुलांसाठी मागून घेतलेल्या नाटकाला उपदेशाबद्दल फटकारायचे, तर निदान ही मागणी सांगून फटकारावे. तेच नाटक नोव्हेंबर 1884मध्ये बलियाच्या ददरी जत्रेत झाले आणि भारतेंदु स्वतः हरिश्चंद्र झाले. दोनेक महिन्यांत, जानेवारी 1885मध्ये, चौतिसाव्या वर्षी ते गेले. वर्गासाठी लिहिलेले नाटक जत्रेतल्या गर्दीपुढे उभे राहिले होते, हेही त्याच्या गुणदोषांत धरले पाहिजे.

ज्ञान थांबत नाही, ही आणखी एक अडचण. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘मृच्छकटिक’ मराठी रंगभूमीवर गाजत होते तेव्हा शूद्रकाच्या नाटकाचे पहिले चार अंक भासाच्या ‘चारुदत्ता’शी इतके जुळतात, हे कोणालाच माहीत नव्हते; भासाची नाटके त्रिवेंद्रमला गणपतिशास्त्रींनी 1912पासून छापली तेव्हा ते कळले. 1958मध्ये हबीब तन्वीरांनी तेच नाटक ‘मिट्टी की गाडी’ म्हणून छत्तीसगढी नटांना घेऊन केले, आणि संस्कृत नाटकातली रंगमंचावर फेरी मारून गाव बदलण्याची युक्ती लोकनाट्यात जिवंत असल्याचे दिसले. विजया मेहतांनी ‘मुद्राराक्षस’ आणि ‘शाकुंतल’ मराठीप्रमाणे जर्मन नटांकडूनही करून घेतले. रंगमंचावरची ही फेरी ज्याला संकेत म्हणून कळते, तो तिला ‘संथ हालचाल’ म्हणत नाही.

मराठीत माधव मनोहरांसारखा परीक्षक होता, ज्याला अमुक नाटक कोणत्या परक्या नाटकावरून आले हे बसल्या जागी सांगता येई. नाटककार त्यांना वचकून असत. हा वचक उपयोगाचा होता, पण उगम सापडला म्हणजे नाटक निकालात निघाले असे काही वाचक समजू लागले, हा त्याचा तोटा. काशीत भारतेंदूंच्या वाट्याला नेमके हेच आले. कालिदासाच्या गळ्याची कड घेणाऱ्या या माणसाच्या ‘सत्य हरिश्चंद्रा’बद्दल, काशी हिंदू विश्वविद्यालयात शिकवणाऱ्या आचार्य रामचंद्र शुक्लांनी 1929च्या आपल्या हिंदी साहित्याच्या इतिहासात लिहिले, की ते स्वतंत्र मानले जाते खरे, पण एक जुने बंगाली नाटक पाहण्यात आले आहे आणि हे त्याचा अनुवाद म्हणता येईल. पुढच्या अभ्यासकांनी ‘चंडकौशिक’ पुढे ठेवून वाद घातला, कोणते श्लोक तिथून आले आणि कोणते भारतेंदूंचे याची छाननी केली. शुक्लांनी त्या बंगाली नाटकाचे नाव मात्र दिले नाही.